नर्मदेकाठचा समुद्र आणि आमची अकरा दगडांची पेटी



या अंकातला विज्ञानाचा पाठ जीवाश्मांवर आहे, आणि त्याची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करावी लागते.

आपल्या प्रयोगशाळेत डाव्या हाताच्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, सागवानी लाकडाची एक पेटी आहे. विज्ञानाचे एक जुने सर (ते आता हयात नाहीत) सुट्टीत स्वतःच्या खर्चाने हिंडत आणि दगड गोळा करीत. त्यांनी शाळेला दिलेले अकरा जीवाश्म या पेटीत होते. प्रत्येकाला खळीने डकवलेली एक चिठ्ठी होती. २०१२ च्या उन्हाळ्यात प्रयोगशाळेची रंगरंगोटी निघाली. आम्ही मुख्याध्यापकपदावर नवीन होतो, उत्साह दांडगा होता. कपाटातले सगळे काही स्वच्छ धुऊन, पुसून ठेवा, असे आम्ही शिपाईकाकांना सांगितले. त्यांनी सांगितले तसे केले. संध्याकाळी पाहतो तो चिठ्ठ्या बादलीच्या पाण्यावर तरंगत होत्या, शाई पसरलेली होती आणि दगड उन्हात ओळीने वाळत ठेवले होते. दगडांना काहीही झाले नव्हते. तेव्हा आम्हाला वाटले, चिठ्ठ्याच तर गेल्या, पुन्हा लिहू.

आमचे शिक्षण पदवीपर्यंत हिंदी माध्यमातून झाले, विषयही प्राणिशास्त्र. भूशास्त्राशी संबंध नाही. चिठ्ठी गेलेला जीवाश्म म्हणजे काय, हे कळायला आम्हाला बरीच वर्षे लागली. यंदा जूनमध्ये जुन्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली सरांची नोंदवही सापडली आणि नववीच्या मुलामुलींनी हे काम हातात घेतले. त्यांनी काय केले ते सांगण्याआधी थोडी तयारी हवी.

जीवाश्म म्हणजे खडकात टिकून राहिलेला पुरातन जीवाचा अवशेष किंवा त्याची खूण. बहुतेक जीव मेल्यावर कुजतात, कोणी तरी खाते, काही उरत नाही. टिकायचे तर अंगाला कठीण भाग हवा आणि त्यावर लवकर गाळ बसायला हवा. या दोन्ही गोष्टी उथळ समुद्राच्या तळाशी सर्वांत चांगल्या जुळतात. म्हणून जगातल्या संग्रहालयांत डायनासोरपुढे कितीही गर्दी असो, जीवाश्मांत खरी बहुसंख्या आहे ती शिंपले, शंख आणि त्यांच्यासारख्या पाठीचा कणा नसलेल्या समुद्री प्राण्यांची. त्यांना अपृष्ठवंशी म्हणतात. हिंदीत आम्ही अकशेरुकी म्हणून घोकले होते, ते हेच.

आता प्रश्न असा की इंदूरच्या आसपास समुद्री प्राणी कुठून आले? इंदुरात विहीर खणा, पाया खणा, काळाच दगड लागतो. हा बेसाल्ट आहे, लाव्हा थिजून झालेला. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी तो थरावर थर पसरला आणि माळव्याची काळी माती त्याचीच झीज आहे. उकळत्या लाव्ह्यात शंख टिकत नाहीत. दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी पोकळ, आत चमकणारा गोटा घेऊन येतो आणि विचारतो, सर, हे डायनासोरचे अंडे का? तो अकीक असतो, लाव्ह्यातल्या हवेच्या बुडबुड्यात साचलेली गारगोटी. दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, तीही वनस्पती नसते, मँगनीजचे डाग असतात. निराश होऊ नये. ओळखायला शिकणे म्हणजे आधी काय जीवाश्म नाही ते शिकणे.

पण माळव्याचा घाट उतरून निमाडात गेलो की नद्यांनी हा काळा थर कापून काढलेला आहे आणि त्याच्या पोटाखालचे खडक उघडे पडलेले आहेत. धार जिल्ह्यात बाघ गाव आहे. त्याची लेणी आणि त्यांतली चित्रे आपल्याला इतिहासात असतात. ती लेणी वालुकाश्मात कोरलेली आहेत. या परिसरात चिराखान, जीराबाद अशी गावे आहेत. (चिराखान हे नाव ऐकताच मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे चिऱ्यांची खाण येते, आणि तिथला दगड पाहिल्यावर ते अगदी शोभते.) तिथे ओढ्याच्या काठावर उभे राहिले तर खालून वर असा क्रम मिळतो: सर्वांत खाली वालुकाश्म, त्यावर गाठाळ चुनखडक, त्यावर मार्ल म्हणजे चुना आणि चिकणमाती मिसळलेला मऊ खडक, मग प्रवाळी चुनखडक. त्याच्यावर लॅमेटा नावाचे जमिनीवरचे आणि गोड्या पाण्यातले थर, आणि सगळ्यांच्या डोक्यावर आपला काळा बेसाल्ट. या समुद्री खडकांना भूशास्त्रात बाघचे थर म्हणतात.

हा क्रम वाचता आला तर गोष्ट आपोआप उलगडते. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कालखंडाच्या उत्तरार्धात, जगभर समुद्राची पातळी फार उंच होती. हिमालय जन्मला नव्हता. भारतभूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. नर्मदेच्या खोऱ्याचा खोलगट पट्टा तेव्हाही होता आणि पश्चिमेकडून समुद्राची एक जीभ त्यातून आत शिरली. आधी किनाऱ्याची वाळू साचली, तिचा वालुकाश्म झाला. मग पाणी निवळले, कवचधारी प्राणी वाढले, त्यांच्या चुऱ्याचा आणि चुन्याच्या गाळाचा चुनखडक झाला. मग समुद्र मागे हटला, जमीन उघडी पडली, डायनासोर हिंडू लागले. त्यांची अंडी याच भागात सापडली आहेत. २०२३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात धार जिल्ह्यातली ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली आहेत. आणि शेवटी लाव्हा आला व त्याने सगळ्यांवर झाकण घातले. हे झाकण होते म्हणून तर खालचे थर इतके दिवस राहिले.

बाघच्या थरांचा अभ्यास दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६५ मध्ये मार्टिन डंकन यांनी इथल्या सी-अर्चिनांचे वर्णन अरबस्तानच्या आग्नेय किनाऱ्यावरील अर्चिनांबरोबर छापले. म्हणजे तेव्हाच कोणाच्या तरी लक्षात आले होते की हे दोन्हीकडचे प्राणी एकमेकांचे शेजारी दिसतात. १८६९ मध्ये ब्लॅनफर्ड यांनी तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांचा भूशास्त्रीय वृत्तान्त दिला. गाठाळ चुनखडक, देओला-चिराखानचा मार्ल आणि प्रवाळी चुनखडक ही विभागणी १८८४ मध्ये प्रमथनाथ बोस यांनी केली. हे तेच बोस, ज्यांनी १९०४ मध्ये मयूरभंजच्या लोहखनिजाविषयी जमशेटजी टाटांना पत्र लिहिले. आमच्या एका विश्वस्तांनी विचारले होते की दगड गोळा करून माणूस पुढे काय करणार. त्यांना आम्ही त्या वेळी उत्तर दिले नव्हते, ते आता देतो.

आणि मराठी वाचकांना आनंद वाटेल अशी गोष्ट. जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून बाघच्या अर्चिनांवर, शिंपल्यांवर, ॲमोनाइटांवर एकामागून एक निबंध लिहिले, आणि पुढे १९७० च्या दशकात पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतून त्यांनी आणि आर. एम. बडवे यांनी मिळून हेच काम पुढे नेले. आमच्या सरांच्या नोंदवहीत चिपळूणकरांचे नाव दोनदा येते.

आता पेटी उघडू.

पहिला नमुना सी-अर्चिन. नंबर शाबूत आहे, कारण सरांनी तीन दगडांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर काळ्या शाईने आकडा घातला होता. तेवढे तीन धुण्यातून वाचले. बाकीच्या आठांवर तशी तजवीज का केली नाही कोण जाणे, बहुधा पांढरा रंग संपला असावा. हा अर्चिन हेमिॲस्टर वंशाचा, आकाराने लिंबाएवढा, थोडा हृदयासारखा. वर पाच पाकळ्यांचे फूल कोरल्यासारखे दिसते. त्या पाकळ्या म्हणजे बारीक छिद्रांच्या रांगा. त्यांतून प्राण्याचे नळीसारखे मऊ पाय बाहेर येत आणि श्वसन करीत. साधे अर्चिन सगळ्या बाजूंनी सारखे गोल असतात, तोंड बरोबर खाली आणि गुदद्वार बरोबर वर. हा तसा नाही. याला पुढची बाजू आणि मागची बाजू आहे, तोंड पुढे सरकले आहे, गुदद्वार मागे. कारण हा समुद्रतळाच्या चिखलात पुरून राहायचा आणि एका दिशेने पुढे सरकत चिखलातले अन्न खायचा. प्राणी मेला, त्याला पाहिलेला माणूस कोणी नाही, पण कवचाच्या आकारावरून त्याची राहणी वाचता येते. जीवाश्मविज्ञानातली आम्हाला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

दुसरा, प्रवाळी चुनखडकाचा तुकडा. नावावरून वाटते यात प्रवाळ भरलेले असतील. भिंगातून पाहा. शेवयांचे तुकडे विस्कटून पडावेत तशा बारीक काड्या दिसतील आणि प्रत्येक काडीवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे. हे प्रवाळ नव्हेत, ब्रायोझोआ आहेत. एकेका छिद्रात एकेक अतिसूक्ष्म प्राणी, आणि सगळ्यांनी मिळून बांधलेली वसाहत. जुन्या लोकांनी दिसण्यावरून नाव दिले, ते चुकीचे होते हे पुढे कळले, तरी नाव चिकटून राहिले. परीक्षेत विचारले तर दोन्ही लिहावे.

तिसरा, दोन झडपांचा शिंपला. इथे एक भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण बाजारात मिळणाऱ्या गाइडांत तो नेहमी गडबडतो. समुद्रात दोन झडपांचे दोन अगदी वेगळे प्राणिगट आहेत. शिंपल्यांत साधारणपणे डावी झडप उजवीची आरशातली प्रतिमा असते, पण एकच झडप घेऊन मधोमध रेघ मारली तर दोन अर्धे सारखे येत नाहीत. ब्रॅकिओपोडांत उलट: एका झडपेचे दोन अर्धे सारखे, पण वरची आणि खालची झडप वेगळ्या मापाची. ऑयस्टर मात्र शिंपला असूनही नियम मोडतो. तो एका बाजूवर चिकटून बसतो, त्यामुळे वेडावाकडा वाढतो.

उरले आठ. त्यांतले चार नोंदवहीतल्या वर्णनावरून आणि मापांवरून एका दुपारीच जुळले. सरांनी लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहिली होती आणि ‘टोकाला फुटलेला शंख’ असे शेरे मारले होते. खरी पंचाईत झाली ती दोन ॲमोनाइटांची.

ॲमोनाइट म्हणजे चक्राकार कवचाचा, माकूल आणि अष्टपाद यांच्या कुळातला प्राणी. कवचात पडदे घालून अनेक खोल्या केलेल्या असत. प्राणी राही फक्त शेवटच्या, सर्वांत बाहेरच्या खोलीत. मागच्या खोल्यांतून एक बारीक नळी जाई. तिच्याद्वारे पाणी काढून घेतले जाई, खोल्यांत वायू भरे आणि प्राणी बुडता न बुडता तरंगे. आज जिवंत असलेला नॉटिलस तसाच राहतो. त्याचे पडदे साधे वाकलेले असतात. ॲमोनाइटांचे पडदे कडेला इतके मुडपलेले की बाहेरच्या कवचाला ते जिथे टेकत तिथे पानाच्या नक्षीदार कडेसारखी रेघ उमटे. या रेघेला शिवण म्हणतात आणि तज्ज्ञ तिच्यावरून जाती ओळखतात. गंमत अशी की कवच शाबूत असेल तर शिवण दिसतच नाही. ॲमोनाइटाचे कवच चुन्याच्या अशा प्रकाराचे होते, ज्याला ॲरागोनाइट म्हणतात आणि जो सहज विरघळतो. ऑयस्टर आणि अर्चिन यांचे कवच कॅल्साइटचे, ते टिकते. म्हणून चुनखडकात ॲमोनाइट सापडतो तो बहुधा आत भरलेल्या गाळाचा ठसा असतो. करंजीचे आवरण गळून जावे आणि आकार धरलेले सारण तेवढे राहावे, तसे. त्या सारणावर शिवण स्पष्ट दिसते.

हे चक्र पुष्कळांच्या देवघरात आहे. पंचायतनातला शाळिग्राम नेपाळात काली गंडकीच्या पात्रात मिळतो. त्याच्या आतले चक्र म्हणजे जुरासिक काळातल्या समुद्रातला ॲमोनाइट. हिमालय उचलला गेला तेव्हा समुद्राचा तळ वर आला, त्याबरोबर हेही आले. त्याच पंचायतनातला नर्मदेचा बाण मात्र जीवाश्म नव्हे, तो नदीने घासून गुळगुळीत केलेला गारेचा गोटा. इंग्लंडात व्हिटबीच्या लोकांना हेच चक्र दगड झालेला साप वाटे, आणि ॲमोनाइट हे नावच मुळी मेंढ्याची शिंगे धारण करणाऱ्या अम्मोन देवावरून आले. देवघरातला शाळिग्राम भिंगाखाली आणावा असे आम्ही कोणाला सांगत नाही. आमच्या घरच्याला आम्ही तुळशीपत्रच वाहतो.

तर नोंदवहीत ॲमोनाइट दोन: एक चिराखानचा, दुसरा सरांनी कच्छच्या सहलीत आणलेला. पेटीतही दोन: एक चपटा आणि गुळगुळीत, दुसरा जाड आणि फासळ्या असलेला. मापे जवळजवळ सारखीच. कोणता कुठला? चुकले तर किती चुकेल? बाघचा सुमारे नऊ कोटी वर्षांचा, कच्छचा सुमारे सोळा कोटींचा. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली तर सात कोटी वर्षांची थाप आपण मुलांना शिकवणार.

चपट्याकडे पाहून आम्ही लगेच म्हणालो, हा बाघचा. बाघच्या थरांत प्लासेंटिसेरास नावाचा चपटा, गुळगुळीत ॲमोनाइट प्रसिद्ध आहे. व्रेडेनबर्ग यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे वर्णन केले. त्याच्या नावाचा अर्थ चपट्या पोळीसारखे शिंग. पण बाघमध्ये फासळ्यांचे ॲमोनाइटही मिळतात आणि चपटे इतर काळांतही होते. केवळ चेहऱ्यावरून नक्की म्हणता येईना. शिवण पाहायला गेलो तर दोन्हींवर अर्धवट झिजलेली.

मग नववीतली एक मुलगी भिंग घेऊन तो फासळ्यांचा ॲमोनाइट बराच वेळ पाहत बसली. चक्राच्या मधल्या खळग्यात मूळ खडकाचा थोडा अंश चिकटून राहिला होता, आमच्या धुण्यातूनही सुटला होता. ती म्हणाली, “सर, यात खसखस आहे.” आम्ही पाहिले. गंजासारख्या पिवळसर-तांबूस खडकात खरोखर खसखशीसारखे गोल गोल दाणे होते. या दाण्यांना ऊइड म्हणतात. पाण्याच्या हालचालीत एखाद्या कणाभोवती थर चढत जाऊन ते तयार होतात. आणि कच्छमध्ये ढोसा ऊलाइट नावाचा अशाच दाण्यांचा थर आहे, ॲमोनाइटांसाठी नावाजलेला. सरांच्या नोंदीत कच्छच्या नमुन्यापुढे ‘दाणेदार, तांबूस’ असे दोन शब्द होते. आम्ही ते दगडाच्या पृष्ठभागाविषयी समजत होतो, ते त्याला चिकटलेल्या खडकाविषयी होते. फासळ्यांचा कच्छला गेला, चपटा चिराखानला.

खडकाचा तो कण उरला नसता तर काय झाले असते? याचे उत्तर शेवटच्या दोन नमुन्यांत आहे. दोन्ही ऑयस्टर. नोंदवहीप्रमाणे एक गाठाळ चुनखडकातला, दुसरा त्याच्या वरच्या प्रवाळी चुनखडकातला. दोन्हींची लांबी एक, वर्णन एक, ‘ऑयस्टर, चांगला’. दोन्ही लख्ख धुतलेले. मुलांनी तीन तास घालवले. काही निघाले नाही.

इथे विल्यम स्मिथची आठवण होते. हा इंग्लंडातला कालव्यांची मोजणी करणारा माणूस, मोठ्या शिक्षणाशिवायचा. कालवे खणताना त्याच्या ध्यानात आले की प्रत्येक थराचे स्वतःचे जीवाश्म असतात आणि ते ठरलेल्या क्रमानेच येतात. म्हणजे जीवाश्म पाहून थर सांगता येतो, थर पाहून पुढे काय लागेल ते सांगता येते. १८१५ मध्ये त्याने इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा प्रसिद्ध केला. कर्जापायी त्याला स्वतःचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला विकावा लागला आणि १८१९ मध्ये त्याला कर्जदारांच्या तुरुंगातही जावे लागले. त्याच्या संग्रहातल्या शिंपल्यांपेक्षा सुंदर शिंपले त्या काळी श्रीमंतांच्या घरी पुष्कळ होते. पण कोणता शिंपला कोणत्या थरातून आला, हे स्मिथने लिहून ठेवले होते.

येत्या डिसेंबरात आठवी-नववीची सहल बाघला न्यावी असा विचार आहे. विश्वस्त मंडळाकडे प्रस्ताव दिला आहे. लेणी पाहू, मग ओढ्याकाठी थर पाहू. हातोडी कोणीही आणायची नाही. खडकातले काही उपटायचे नाही. नाणे शेजारी ठेवून फोटो काढायचा, आणि वहीत ठिकाण, थर, वरच्या-खालच्या खडकाचा रंग लिहायचा. रस्त्याच्या कडेला कोणी जीवाश्म विकायला बसला असेल तर घ्यायचा नाही. पालकांनी मुलांबरोबर भिंग आणि पेन्सिल द्यावी. शाईचे पेन नको, का ते वर आलेच आहे.

घरी करून पाहायचे असेल तर अंगणातल्या एखाद्या सुट्या दगडावर लिंबाचे दोन थेंब टाका. चुनखडक असेल तर बारीक फेस येईल, काळ्या बेसाल्टवर काही होणार नाही. पेटीतल्या नमुन्यांवर हा प्रयोग करायचा नाही.

पेटी आता पुन्हा लावली आहे. अकरा खोबणी, अकरा कार्डे, प्रत्येक दगडावर पांढरा ठिपका आणि आकडा. नऊ कार्डांवर नाव, ठिकाण आणि थर आहे. दहाव्या आणि अकराव्या कार्डावर ‘ऑयस्टर’ एवढेच लिहिले आहे. त्याखाली मुलांनी आम्हाला विचारून एक ओळ घातली: ‘थर माहीत नाही. २०१२ मध्ये धुतला.’